करड्या भिंतींचा वाद

रंग ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे, तींत वाद कसला, असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. हें म्हणणें ऐकावयास मोठें उदार वाटतें आणि म्हणूनच तें कोणी तपासून पाहात नाहीं. आम्हांस तें मान्य नाहीं. अंगांतल्या सदऱ्याचा रंग ही सदरा घालणाराची आवड खरी. परंतु खोलीच्या भिंतींसंबंधानें ‘ज्याची त्याची आवड’ असें म्हणतांना त्यांतला ‘ज्याचा’ कोण आणि ‘त्याचा’ कोण, याचा निवाडा आधीं व्हावयास पाहिजे. पैसे देणाराची आवड, निवड करणाराची आवड, दोन दिवस पाहुणा येणाराची आवड, कीं त्या भिंतींच्या आंत रात्रंदिवस राहणाराची? हा प्रश्न आम्हांस कोणत्या ग्रंथांतून सुचलेला नाहीं. आंबेनळीच्या पायथ्याशीं असलेल्या एका घरांत चार करड्या रंगांच्या पायीं तो आमच्यापुढें उभा राहिला. आणि त्या प्रकरणांत आम्ही स्वतः चुकीच्या पक्षांत होतों, हें प्रारंभींच कबूल करून टाकणें बरें.

पोलादपुराहून महाबळेश्वराकडे जाणारी सडक ज्या घाटानें वर चढते, तो आंबेनळी घाट प्रतापगडाच्या निमित्तानें पुष्कळांच्या पायांखालून गेलेला असेल. वर महाबळेश्वरास वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पायथ्याच्या गांवांतूनही मृगापासून हस्तापर्यंत आकाश म्हणून निराळें कांहीं दिसत नाहीं. डोंगर, ढग, चुलीचा धूर आणि पाण्याच्या धारा यांचें एकच कालवण झालेलें असतें. अशा एका गांवांत आमच्या मावशींचें घर आहे. काळ्या दगडाचें जोतें, विटांच्या भिंती, वर कौलें आणि पुढें खालपर्यंत उतरलेल्या पाख्याची पडवी. मावशींचें वय ऐशीच्या पुढें गेलें आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदु काढलेला आहे, दुसऱ्याचा काढावयाचा राहिला आहे. २०२१ च्या जुलैंत ज्या पावसानें सावित्रीचें पाणी महाडच्या बाजारपेठेंत शिरलें, त्याच पावसांत या घराची मागची भिंत फुगली. कांहीं वर्षें टेकू देऊन काढल्यावर अखेर ती उतरवून नवी बांधिली. गिलावा वाळला आणि त्या भिंतीच्या आंत असलेल्या मावशींच्या खोलीस रंग द्यावयाचा ठरला.

थोरले चिरंजीव पुण्यास, धाकटे डोंबिवलीस. दोघांचेंही आईवर प्रेम आहे, आणि दोघेही खर्चास मागेंपुढें पाहणारे नव्हेत. रंग करडा द्यावा, यावर घरांत एकमत होण्यास पांच मिनिटें देखील लागलीं नाहींत. शहरांतील नव्या घरांतून सांप्रत करड्याचेंच राज्य आहे, तेव्हां खेड्यांतल्या घरानें तरी मागें कां राहावें! वाद निघाला तो करडा कोणता, यावर. दुकानदारानें शेडकार्ड म्हणून जी पत्रिका दिली, तींत करड्यांचींच पानेंच्या पानें होतीं. त्यांतून गाळतां गाळतां चार उरले. चौघांस इंग्रजी नांवें होतीं. एकाच्या नांवाचा अर्थ रुपेरी धुकें, दुसऱ्याचा नदीकांठचा गोटा, तिसऱ्याचा पहांट आणि चौथ्याचा चक्क निःशब्दता असा होता! मग त्या चार चौकोनांचीं छायाचित्रें मोबाइलवरून साऱ्या गोतावळ्यांत फिरूं लागलीं. पुण्यास जो निळसर दिसला तो डोंबिवलीस हिरवट दिसला. सुनांनीं मतें दिलीं, जांवयांनीं मतें दिलीं, एका नातवानें परदेशांतून मत पाठविलें. आम्हींही ‘पहांटे’च्या बाजूनें मोठें पांडित्यपूर्ण मत नोंदविलें. हें दोन महिने चाललें. त्या खोलींत जिला निजावयाचें, तिचें मत मात्र कोणी विचारिलें नाहीं.

वैशाखांत आम्ही मावशींस भेटावयास गेलों, तेव्हां विषय निघाला. मावशी म्हणाल्या, “अरे, रंग तुम्हीच ठरवा. मला त्यांतलें काय कळतंय? रात्रीं उठलें म्हणजे दार कुठें आहे तें तेवढें दिसूं दे म्हणजे झालें.”

या एका वाक्यानें आमचें दोन महिन्यांचें पांडित्य जमीनदोस्त झालें. कारण ठरलेल्या बेतांत भिंती करड्या, दारास त्याच कुळांतला करडा, आणि खालीं नवी फरशी बसवावयाची तीही करडी. चार करड्यांपैकीं कोणताही पसंत केला असता, तरी म्हाताऱ्या माणसाचें दार रात्रीं भिंतींत बुडालें असतें. आम्ही सारे धुक्याची जात निवडीत होतों. धुकें घरांत आणावें कीं नाहीं, हा प्रश्न कोणाच्या ध्यानींमनींही आला नव्हता.

आतां या वादाचा शास्त्रदृष्ट्या विचार करूं. दुकानांतील पत्रिकेवर बोटभर चौकोन पाहून करडा रंग निवडणें हा शुद्ध भ्रम आहे. लाल, हिरवा, निळा हे रंग स्वतःच्या बळावर उभे असतात. करडा मात्र शेजाऱ्याच्या जिवावर जगतो. पॅरिसच्या गोबेलिन्स या विख्यात विणकामाच्या कारखान्यांत १८२४ सालीं शेवरल नांवाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले. तेथील काळा रंग निस्तेज दिसतो, अशी त्यांच्यापुढें तक्रार आली. त्यांनीं रंग तपासला, तों रंगांत कांहीं उणें नव्हतें. शेजारीं विणलेल्या रंगीत सुतांमुळें काळें सूत डोळ्यांस फिकें दिसत होतें. या अनुभवावर त्यांनीं १८३९ सालीं रंगांच्या परस्परविरोधावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. करड्याच्या बाबतींत तर हा नियम फारच कडक आहे. तोच करडा तांबड्या जिनसेजवळ हिरवट दिसतो आणि निळ्याजवळ पिवळट दिसतो. शिवाय ज्या उजेडांत तो पाहावा, त्या उजेडाचा तो गुलाम. दुकानांतल्या पांढऱ्याफटक दिव्याखालीं दोन करडे अगदीं एकसारखे दिसतात आणि तेच घरीं खिडकीजवळ भांडूं लागतात.

मावशींच्या खोलीची खिडकी उत्तरेस आहे, आणि बाहेर पडवीचें पाखें. तेथें सरळ ऊन्ह कधीं येत नाहीं. जो उजेड आंत येतो तो अंगणावरून परतून येतो. श्रावणांत अंगणापुढचें भातखाचर हिरवें असतें, तेव्हां तो उजेड हिरवा. चैत्रांत वाळलेलें गवत आणि तांबूस माती असते, तेव्हां तोच उजेड तपकिरी. संध्याकाळीं दिवा लागला म्हणजे पिंवळा. म्हणजे एका भिंतीस वर्षांतून तीन रंग ईश्वर फुकट देणारच आहे! जो भेद पहिला श्रावण येतांच मोडावयाचा, त्याच्यासाठीं पुणें व डोंबिवली यांनीं दोन महिने हमरीतुमरीवर यावें, याहून मोठी करमणूक ती कोणती?

आणि त्या पत्रिकेवरील नांवें! मराठींत करड्याच्या कुळांत नांवांची वाण नाहीं. राखाडी हा राखेचा रंग. पारवा हा वळचणीस घुमणाऱ्या पारव्याचा. सुरमई हा सुरम्याचा, धुरकट हा धुराचा. आणि खाकी हा शब्द तर फारसींतील ‘खाक’ म्हणजे धूळ, तीवरूनच आला. या प्रत्येक नांवाच्या पोटांत एक वस्तु आहे आणि ती दाखवितां येते. कोणी म्हणाला, ‘पारवा द्या,’ तर ऐकणारा मान वर करून वळचणीकडे पाहूं शकतो व ‘इतका गडद नको’ असें म्हणूं शकतो. ‘निःशब्दता’ या नांवाच्या रंगाकडे बोट कसें दाखवावें? ज्याची खूण पटवितां येत नाहीं त्यावर वाद मात्र हवा तितका घालतां येतो, कारण दोन्ही पक्ष हरण्याचें भय नसतें.

करड्याचे कैवारी यावर स्वस्थ बसणार नाहींत. त्यांचे मुद्दे आम्हांस पाठ आहेत, कारण कालपरवांपर्यंत ते आमचेच होते.

पहिला मुद्दा असा कीं, करडा रंग मळखाऊ आहे. हें खरें आहे, आणि आमचा आक्षेप नेमका त्यावरच आहे. मळखाऊ रंग मळ खात नाहीं, मळ झांकतो. ज्या प्रदेशांत चार महिने भिंतींस ओल धरते, तेथें पहिली बुरशी येते ती करड्याच रंगाची. पांढऱ्या भिंतीवर ती आषाढांतच दिसते व माणूस कौल फुटलें आहे काय, पन्हळ तुंबली आहे काय, तें पाहूं लागतो. करड्या भिंतीवर ती दिवाळीपर्यंत सुखानें नांदते, आणि गिलाव्याचे पोपडे पडूं लागले म्हणजे घरच्यांस तिची ओळख होते. त्यांतही वरचा रंग प्लास्टिकचा असेल तर विचारूंच नका. ओलसर भिंतीवर त्याची कातडी बसते, आंतलें पाणी आंत कोंडतें आणि भिंतीस फोड येतात. चुन्यांतून ओल बाहेर पडते. चुना कपड्यांस लागतो, त्याचा हात दर एकदोन वर्षांनीं द्यावा लागतो, हे त्याचे दोष आम्ही लपवीत नाहीं. पण दोष दाखविणारी भिंत ही दोष झांकणाऱ्या भिंतीपेक्षां घरास अधिक उपकारक आहे, एवढें तरी कबूल व्हावयास हरकत नसावी.

दुसरा मुद्दा असा कीं, करडा शिष्ट आहे, गंभीर आहे. भडक रंग ग्राम्य दिसतात. ग्राम्यता कशास म्हणावें? जुन्या कोंकणी घरांत जमीन शेणांत कोळशाची पूड घालून सारवीत. ती काळसर दिसे. भिंत चुन्यानें पांढरी केलेली असे, आणि त्या चुन्यांत कोणी चिमूटभर नीळ घालीत. जमिनीच्या कडेनें पांढरी रेघ ओढीत. चौकटीस गेरू लावीत. यांत आम्हांस लहानपणीं नुसती हौस दिसे. आतां पाहूं लागलों तों त्यांत डोळ्यांचें शास्त्र दिसतें. जमीन कोठें संपली, भिंत कोठें सुरू झाली, दार कोठें आहे, हें त्या घरांत मिणमिणत्या दिव्याच्या उजेडांतही आंधळ्याशेजारच्या माणसास कळत असे. ज्या बायकांनीं हें केलें त्यांच्या हातांत पत्रिका नव्हती; पण आपल्या घरांत सासू आहे, रांगणारें मूल आहे, आणि दिवा एकच आहे, याचें भान होतें. यास ग्राम्यता म्हणावयाचें असेल तर ती आम्हांस हवी आहे.

तिसरा मुद्दा असा कीं, करडा कशाशींही जुळतो. हा मुद्दा ऐकावयास गोड, पण अर्थानें घातक. कशाशींही जुळणें म्हणजे कशापासूनही वेगळें न पडणें. आणि दार भिंतीपासून, पायरी जमिनीपासून, उशाचें तपेलें फळीपासून वेगळें पडावें हीच तर म्हाताऱ्या डोळ्यांची गरज असते. वय वाढतें तसें डोळ्याचें भिंग पिंवळें होत जातें, बुबुळांतलें छिद्र आकसतें, आणि आंतल्या पडद्यापर्यंत तरुणपणाच्या मानानें पुष्कळच थोडा प्रकाश पोहोंचतो. मोतीबिंदु असला तर त्यावर आणखी एक पडदा. इमारतीच्या शास्त्रांत प्रकाशपरावर्तनाचें एक माप आहे. पूर्ण काळ्यास शून्य आणि पूर्ण पांढऱ्यास शंभर. ब्रिटनमधील इमारतींच्या प्रमाणसंहितेंत मंददृष्टि माणसांच्या सोयीसाठीं भिंत व दार यांसारख्या लगतच्या भागांत या मापाचा सुमारें ३० अंशांचा फरक असावा असें सुचविलें आहे. कांहीं पत्रिकांच्या पाठीवर हें माप छापलेलें असतें. आम्हीं तें पाहिलें. आमच्या चार करड्यांत सर्वांत उजळ व सर्वांत गडद यांच्यांत सहा अंशांचें देखील अंतर नव्हतें! सहा अंशांसाठीं आम्ही दोन महिने भांडलों, आणि तीस अंश कोणी मागितलेच नाहींत.

यासाठीं विलायतेच्या संहिता धुंडाळण्याचेंही कारण नाहीं. आंबेनळीच्या वळणांवर दगडी कठडे आहेत. दगड करडा, सडक करडी, आणि आषाढांत खालून दरींतून वर येणारें धुकेंही करडें. म्हणूनच घाटांतल्या कठड्यांस पांढरा हात देण्याची रीत आहे. तो पांढरा कोणत्या करड्याशीं शोभतो, असा प्रश्न आजवर एकाही गाडीवाल्यानें विचारिल्याचें ऐकिवांत नाहीं. जेथें पाऊल चुकलें तर दरी आहे तेथें शोभेचा विचार मागाहून, हें आपणांस घाटांत कळतें. ऐशीच्या पुढच्या माणसास घरांतली चार अंगुळांची पायरी ही तेवढीच खोल असते, हें मात्र घरांत कळत नाहीं. त्या वयांत मांडीचें हाड मोडणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं घडलें आहे त्यांस सांगावयास नको.

चौथा मुद्दा सर्वांत वाईट. तो असा कीं, ‘होईल हळूहळू संवय.’ संवय कोणास करावयास सांगतां? पुण्यास परत जाणाराला कसलीच संवय करावी लागत नाहीं. जी व्यक्ति आधींच अंधुक दिसण्याची, गुडघ्यांची आणि एकटेपणाची संवय करीत आहे, तिच्या माथीं आपल्या हौसेची आणखी एक संवय मारणें यास आवड हें नांव शोभत नाहीं.

आम्ही करड्याचे वैरी नव्हों. सह्याद्रींत जन्म काढून करड्याचा द्वेष कोण करील? पहिल्या सरीनंतर भिजलेला कातळ पाहावा; घाटांत कठड्यावर बसलेला वानर पाहावा. त्याचें अंग राखाडी आणि तोंड काळें. त्या काळ्या तोंडामुळेंच त्याच्या अंगाची राख रुपेरी वाटते. कातळाच्या भेगेंत हिरवें शेवाळ असतें, म्हणून कातळ सुंदर. करड्यास सोबत लागते, आणि सोबत मिळाली म्हणजे त्याच्यासारखा सभ्य रंग दुसरा नाहीं. चारी बाजूंनीं करड्यांतच करडा मिसळून त्यास जें रूप आपण सांप्रत देत आहों, तो करड्यावरही अन्यायच आहे.

मावशींच्या खोलीचें पुढें काय झालें तें सांगून टाकतों. रंगाऱ्याकडून चारही करड्यांचे दोन दोन हात दिलेले हातभर पुठ्ठे आम्हीं करवून घेतले व ते भिंतीस टेकवून ठेविले. सकाळीं ते चार होते. दुपारीं तीन राहिले. दिवे लागणीस दोन, आणि रात्रीं उशाच्या लहान दिव्यांत चौघांचा मिळून एक झाला. तें पाहून धाकटे चिरंजीव, जे ‘गोट्या’चे कट्टर अभिमानी होते, ते आपण होऊन हंसले. मग मावशींस खाटेवर बसवून त्यांच्यापुढें दारास एकेक रंगाचें फडकें लावून पाहिलें. सुरमई फडकें लावतांच त्या म्हणाल्या, “हें दिसलं बघ. हें राहूं दे.” त्याप्रमाणें भिंतींस चुना, त्यांत चवीपुरती नीळ, दारास व चौकटीस गडद सुरमई, आणि उंबऱ्यास व पायरीच्या कडेस पांढरा पट्टा दिला. करडा घरांत आला, पण कामावर आला. खर्च ठरल्याच्या निम्म्यानेंही झाला नाहीं.

गणपतीस सारीं माणसें जमलीं तेव्हां एका सुनेनें खोली जुन्या वळणाची दिसते असें म्हटलें. दिसते, यांत शंका नाहीं. त्याच रात्रीं पावसानें वीज गेली. मावशी मध्यरात्रीं उठल्या, कोणास हांक न मारितां दारापर्यंत गेल्या, उंबरा ओलांडला आणि परत येऊन निजल्या. ओटीवर निजलेल्यांपैकीं कोणासही जाग आली नाहीं. आम्हांस आली, कारण आम्ही त्या दाराकडे कान लावून पडलों होतों.

तेव्हां वाचकांस आमची विनंति अशी. येत्या दिवाळीपूर्वीं अनेक घरांतून रंगाच्या पत्रिका उघडतील, आणि त्यांत करड्यांचीं पानें प्रथम उघडतील. उघडोत. परंतु त्यांवर मत देण्याआधीं ज्या खोलीचा प्रश्न आहे त्या खोलींत रात्रीं, दिवा बारीक करून, घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या जागीं एकदां बसून पाहावें. तेथून दार दिसत असेल तर मग चार करड्यांवर खुशाल चार महिने भांडावें. आमची हरकत नाहीं. दिसत नसेल, तर पत्रिका मिटावी आणि आधीं त्या माणसास विचारावें.